शाळेच्या जुन्या तुकडीचा स्नेहमेळावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून दहावी किंवा जुनी अकरावी झालेल्या तुकड्यांचे पंचवीस, चाळीस, पन्नास वर्षांनंतरचे मेळावे आता तालुक्याच्या गावांतही नियमाने भरू लागले आहेत. ते भरवणाऱ्यांना पडणारे प्रश्न बहुधा तेच ते असतात. पुढील उत्तरे अशा मेळाव्यांच्या तयारीत राबलेल्या व्यक्तीने लिहिली आहेत. त्यांत एक आग्रह सर्वत्र दिसेल: जो सहज येणार आहे त्याच्या सोयीआधी, जो येण्यास कचरतो आहे त्याचा विचार व्हावा.

तयारीची सुरुवात कोठून करावी?

यादीपासून करावी, आणि ती यादी शाळेच्या दप्तरावरून करावी. बहुतेक ठिकाणी चार मित्र चहाला जमतात, आपापल्या मोबाईलमधील क्रमांक एकत्र करतात आणि त्यालाच तुकडी समजून कामाला लागतात. अशा यादीत पुण्या-मुंबईत स्थिरावलेले, नोकरीत वर चढलेले आणि शाळेत पुढच्या बाकांवर बसणारे भरपूर सापडतात. गावातच रसवंती चालवणारा किंवा आठवीनंतर लग्न होऊन गेलेली मात्र त्यात सापडत नाही.

जुने हजेरीपट शाळेत शिल्लक असतीलच असे नाही, परंतु जनरल रजिस्टर ही कायम जतन करावयाची नोंदवही असते आणि शाळा सोडल्याचा दाखला तिच्याच आधारे दिला जातो. या रजिस्टरातील नोंदी प्रवेशाच्या क्रमाने असतात, वर्गवार नसतात. म्हणून ज्या जूनमध्ये आपला पाचवीत किंवा आठवीत प्रवेश झाला, त्या वर्षाची पाने प्रथम पाहावीत आणि मध्येच दाखल झालेल्यांची नावे नंतर जोडावीत. त्यात जन्मतारीख, जात आणि शाळा सोडल्याचे कारण अशा खासगी बाबी असल्यामुळे छायाप्रत मागू नये. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून, लिपिकांच्या समोर बसून केवळ नावे उतरवून घेण्याची परवानगी मागितल्यास ती सहसा मिळते. निकालानंतरचे आणि प्रवेशाचे दिवस मात्र टाळावेत, कारण त्या काळात शाळेच्या कार्यालयात उभे राहायलाही जागा नसते.

तुकडीत नेमके कोणाला धरावे? दहावीत नापास झालेल्यांना बोलवावे का?

अर्थातच बोलवावे. ज्याने आपल्यासोबत एखादे वर्ष जरी त्या वर्गात काढले, तो तुकडीतला. सातवीत शाळा सोडून वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेला, नववीत मागे राहिल्याने पुढच्या तुकडीत गेलेला, दहावीला गणितात अडकलेला, हे सगळे एकाच सतरंजीवर बसलेले होते. निमंत्रणपत्रिकेवर ‘दहावी उत्तीर्ण’ असे शब्द घातले तर यांतला एकही येणार नाही. ‘अमुक साली पाचवीत दाखल झालेले’ असे लिहिले तर निदान विचार करील. १९७५ च्या सुमारास शिकलेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. त्या वेळी अकरावीची जुनी शालान्त परीक्षा जाऊन दहावीची आली, त्यामुळे लागोपाठच्या दोन वर्गांनी एकत्र मेळावा घेणे तेथे अधिक नैसर्गिक ठरते.

लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींचा शोध कसा घ्यावा?

हे सर्वांत चिकाटीचे काम आहे आणि ते वर्गातील मुलींकडेच सोपवावे. समाजमाध्यमांवर माहेरच्या नावाने शोध घेऊन क्वचितच काही हाती लागते. अधिक खात्रीचा मार्ग म्हणजे माहेरचे घर, भाऊ-भावजय, गल्लीतील जुने किराणा दुकानदार आणि गावचे देवस्थान, कारण जत्रेला किंवा दिवाळीला लेकी माहेरी येतात. क्रमांक मिळाला तरी पहिला फोन मैत्रिणीनेच करावा. चाळीस वर्षांनी एखाद्या अनोळखी पुरुषाने ‘मी तुझ्या वर्गात होतो’ असे सांगितल्यास समोरच्या घरात जे प्रश्न उभे राहतील, त्यांची उत्तरे देणे तिच्या वाट्याला येते. ‘तुझ्यासोबत अमुक आणि अमुक येत आहेत, गाडी तुझ्या दारातून जाईल’ असे नेमके सांगितले की होकार लवकर येतो.

एखादा वर्गमित्र येण्यास नकार देत असेल तर आग्रह करावा का?

एकदा करावा, तोही प्रत्यक्ष भेटून. नकारामागे अनेकदा न सांगण्याजोगे कारण असते: अंगावर घालायला बरे कपडे नाहीत, वर्गणी परवडत नाही, मुलाचे लग्न मोडले आहे, नवरा वारल्यापासून ती समारंभाला जात नाही. आमच्या परिसरातील एका मेळाव्यात, गावच्या बाजारात भाजी विकणारी एक वर्गभगिनी ‘रविवारी बाजार असतो’ एवढेच म्हणून प्रश्न टाळत होती. दोघी मैत्रिणी सकाळी सातला तिच्या पाटीशी जाऊन बसल्या, दुपारपर्यंत मेथीच्या जुड्या विकू लागल्या आणि तिला घेऊनच मांडवात आल्या. सर्वांनाच असे करता येणार नाही, हे खरे. ज्याचा नकार शाळेतील एखाद्या जुन्या जखमेमुळे आहे, त्याला मात्र दुसऱ्यांदा विचारू नये.

तारीख कोणती निवडावी?

गावावर आणि तुकडीच्या उदरनिर्वाहावर हे अवलंबून आहे. कोकणात गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आपोआप गावी आलेले असतात, पण त्या दिवसांत प्रत्येकाच्या घरी पाहुणे आणि आरत्या असतात. म्हणून गौरी-विसर्जनानंतरचा दिवस बरा. शेतकरी वर्गमित्र अधिक असतील तर जून-जुलैमधील पेरणी आणि सुगीचे दिवस सोडावेत. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात उन्हाचा कडाका असतो, शिवाय लग्नसराईत मंडप आणि आचारी मिळत नाहीत. परदेशातील मंडळी नाताळच्या सुटीत येतात, त्यामुळे डिसेंबरचा शेवटचा आठवडा लोकप्रिय आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा बोर्डाच्या परीक्षेचे केंद्र असण्याची शक्यता असते, तेव्हा इमारत मिळणार नाही असेच धरून चालावे. दिवाळीतील भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार हा आमच्या मते सर्वांत सोयीचा, कारण माहेरी आलेल्या मैत्रिणी तोपर्यंत गावातच असतात.

मेळावा शाळेत घ्यावा की रिसॉर्टवर?

शाळेत. रिसॉर्टवर जमलेले साठ जण हे कोणतेही साठ जण असू शकतात. वर्गाच्या दाराशी उभे राहिल्यावर मात्र कोण कोठे बसत होते यावरून लगेच वाद सुरू होतो, आणि तो वाद हाच मेळाव्याचा निम्मा आनंद असतो. खर्चही निम्म्याहून कमी होतो.

मुख्याध्यापक आणि संस्थाचालक या दोघांनाही लेखी अर्ज द्यावा, स्वच्छतेची हमी द्यावी आणि शिपायांच्या मानधनाची तरतूद आधीच करावी. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार शैक्षणिक संस्थांभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो, म्हणून ध्वनिक्षेपकाबाबत स्थानिक पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्यावे. एका वर्गखोलीत किंवा व्हरांड्यात बसणार असाल तर त्याची गरजही भासत नाही. मद्य आणि तंबाखू आवारात आणू नये हे वेगळे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते.

वर्गणी किती आणि कशी ठेवावी?

जेवण, मंडप, शिक्षकांचा सत्कार आणि छपाई यांचा अंदाज आधी काढावा आणि तुकडीतील सर्वांत ओढग्रस्त व्यक्तीला सहज देता येईल एवढीच रक्कम सर्वांसाठी जाहीर करावी. तूट ज्यांना शक्य आहे त्यांनी गुपचूप भरून काढावी. कोणी किती दिले याची यादी फलकावर, पत्रिकेवर किंवा मोबाईलवरील गटात कधीही टाकू नये. हिशेब मात्र पैशापैशाचा टाकावा. पैसे एकाच व्यक्तीच्या खात्यावर न घेता दोघांच्या संयुक्त खात्यात घेतल्यास नंतरची कुजबुज टळते. भेटवस्तू म्हणून छापील मग किंवा एकसारखे टी-शर्ट देण्याची प्रथा पडली आहे, तिच्यावरील खर्च आम्हांला अनाठायी वाटतो. त्याच पैशात लांबून येणाऱ्यांसाठी एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेता येते, आणि शाळेच्या सहलीनंतर त्या गाडीत पुन्हा एकत्र बसण्याचा योगही येतो.

जुन्या शिक्षकांना कसे शोधावे आणि कसे बोलवावे?

जिल्हा परिषदेच्या आणि रयत शिक्षण संस्थेसारख्या अनेक शाखा असलेल्या संस्थांच्या शाळांतील शिक्षकांच्या बदल्या होत असत, त्यामुळे निवृत्तीच्या वेळी ते आपल्या शाळेत असतीलच असे नाही. तालुक्यातील सेवानिवृत्त शिक्षकांची संघटना, पतसंस्था आणि त्याच काळातील दुसरे शिक्षक यांच्याकडून पत्ता मिळतो. निमंत्रण मोबाईलवर पाठवू नये. दोघा-तिघांनी घरी जाऊन पत्रिका द्यावी, घरातील माणसांना भेटावे आणि गुरुजींना किंवा बाईंना कानाचे, गुडघ्याचे, मधुमेहाचे काय आहे ते विचारून घ्यावे. ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे त्यांच्यासाठी गाडी, सोबत एक माणूस, तळमजल्यावरील खोली आणि वेळेवर जेवण यांची व्यवस्था सत्कारापेक्षा महत्त्वाची आहे. शाल-श्रीफळ सर्वांना सारखेच द्यावे. इंग्रजी-गणिताच्या सरांना पैठणीच्या काठाची शाल आणि चित्रकलेच्या सरांना नुसता रुमाल, असे प्रकार डोळ्यांत खुपतात. घंटा देणारे शिपाई आणि पाणी भरणाऱ्या मावशी यांना व्यासपीठावर शिक्षकांच्याच रांगेत बसवावे.

दिवसभराचा कार्यक्रम कसा आखावा?

कमी ठेवावा. सकाळी शाळेची घंटा, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना यांनी, म्हणजे परिपाठानेच सुरुवात करावी आणि त्यानंतर वर्गशिक्षकांकडून मुळातल्या हजेरीक्रमाने हजेरी घ्यावी. ‘हजर’ हा एक शब्द म्हणताना भलेभले गडबडतात. स्वतःची ओळख करून देण्याच्या कार्यक्रमाचा मात्र आधी हिशेब करावा: साठ जणांनी प्रत्येकी तीन मिनिटे घेतली तरी तीन तास होतात, आणि तीन मिनिटांत थांबणारा वक्ता आमच्या पाहण्यात नाही. शिवाय पद, बंगला, मुलांचे पगार ऐकल्यावर ज्यांच्याकडे सांगण्यासारखे असे काही नाही ते आणखी मागे सरकतात. त्याऐवजी प्रत्येकाने नाव, गाव आणि शाळेतील एक आठवण एवढेच सांगावे, असा नियम ठेवावा. पाहुणे राजकारणी बोलावू नयेत. ते उशिरा येतात आणि सर्वांना ताटकळत ठेवतात.

जेवणानंतर दोन तास काहीही ठेवू नये. याच वेळेत खऱ्या गप्पा होतात. शाळेच्या दाराशी चिंचा, बोरे, आवळे, बोरकूट, लिमलेटच्या गोळ्या आणि बर्फाचा गोळा यांची एक गाडी उभी केली तर ताटातल्या गुलाबजामपेक्षा तिच्याभोवती गर्दी जास्त होते.

फिशपाँड आणि टोपणनावे असावीत का?

स्नेहसंमेलनातील फिशपाँडची मजा सर्वांनाच आठवते, परंतु ज्यांच्यावर ते पडत असत त्यांना ती वेगळ्या तऱ्हेने आठवते. रंगावरून, अंगकाठीवरून, जातीवरून किंवा वडिलांच्या धंद्यावरून पडलेली नावे या दिवशी उच्चारू नयेत. ज्याला आपले टोपणनाव अजून प्रिय आहे तो स्वतःच ते सांगतो. मुलगे आणि मुली यांच्या जोड्या लावणारे जुने विनोद तर पूर्णपणे वगळावेत. समोर त्यांचे पती, पत्नी, क्वचित नातवंडेही बसलेली असू शकतात. जोडीदारांना बोलवावे का, असाही प्रश्न येतो. पहिल्या मेळाव्याला नको, पुढे पाहावे.

दिवंगत वर्गमित्रांचे स्मरण कसे करावे?

हजेरीच्या वेळीच करावे. त्यांचे नाव क्रमाने पुकारले जावे आणि सर्वांनी क्षणभर उभे राहावे. वेगळे भाषण नको. नाव घेण्यापूर्वी बातमीची खात्री दोन ठिकाणांहून करून घ्यावी. त्यांच्या घरच्यांना निमंत्रण द्यावे किंवा न द्यावे हे त्यांनाच विचारून ठरवावे. काहींना वर्गातील जुने छायाचित्र घरी पाठवलेले अधिक आवडते.

विसरलेल्या आठवणी परत कशा मिळवाव्यात?

‘शाळेबद्दल काहीतरी सांग’ असे म्हटल्यावर प्रत्येकाला तीच दोन-तीन ठरावीक वाक्ये सुचतात. प्रश्न बारीक विचारावा लागतो. तुझ्या बाकावरून खिडकीबाहेर काय दिसत असे? मधल्या सुटीत डबा कोणाबरोबर खात होतास, आणि डबा नसलेले कोठे जात? दौतीतली शाई कोणाच्या सदऱ्यावर सांडली? १९७२ च्या दुष्काळात मिळालेल्या सुकडीची चव कशी होती? अशा एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याची स्मृती जागी करते. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातील प्रसंग इतर काळापेक्षा अधिक आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना आढळले आहे, तेव्हा सामग्री असतेच. ती बाहेर काढणारा हवा.

वस्तूंचाही उपयोग होतो. १९६७ साली पुण्यात बालभारतीची स्थापना झाल्यानंतर राज्यभरातील मराठी शाळांतली मुले हळूहळू एकाच क्रमिक पुस्तकातून शिकू लागली, त्यामुळे त्या काळच्या मराठीच्या पुस्तकाची एक प्रत मिळाली तर चांद्यापासून बांद्यापर्यंतच्या माणसांना ती पाने ओळखीची वाटतात. याच संस्थेच्या ‘किशोर’ मासिकाचे, १९७१ पासूनचे, अंकही पुष्कळांच्या घरी किंवा गावच्या वाचनालयात बांधून ठेवलेले असतात. प्रगतिपुस्तक, कंपासपेटी, स्काउटचा रुमाल, गॅदरिंगमधील नाटकाची हस्तलिखित वही असे जे असेल ते एका टेबलावर मांडावे; गुण दिसणारी पाने मात्र बंद ठेवावीत.

आठवणी जुळत नाहीत म्हणून वाद घालू नये. छडी सरांनी मोडली की मुलांनी लपवली, याबद्दल दोघे जण दोन गोष्टी शपथेवर सांगतात. स्मरणिकेत दोन्ही छापाव्यात.

जुन्या छायाचित्रांचे आणि स्मरणिकेचे काय करावे?

दहावीच्या निरोपाच्या वेळी काढलेले, पुठ्ठ्यावर डकवलेले कृष्णधवल छायाचित्र कोणाकडे ना कोणाकडे असते. काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये. काचेसकटच, उजेड तिरपा पडेल अशा रीतीने त्याचे छायाचित्र घ्यावे. सुटे असेल तर सहाशे डीपीआयवर स्कॅन करून घ्यावे आणि मूळ प्रत मालकाला त्याच दिवशी परत करावी. ‘बसलेले, डावीकडून’ या ओळीतील नावे पुसट झालेली असतात. ती मेळाव्यापूर्वीच मोठ्या छापील प्रतीवर एकेकाकडून भरून घ्यावीत, नाहीतर मागच्या रांगेतील कोपऱ्यातला मुलगा कायमचा अनामिक राहतो.

स्मरणिकेसाठी लेख मागवले की शिक्षक, वकील आणि कवी एवढेच लिहितात. बाकीच्यांशी फोनवर बोलून ते ध्वनिमुद्रित करावे, त्यांच्याच बोलीत, वऱ्हाडी असो वा मालवणी, उतरवून काढावे आणि छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावे. पत्ते व दूरध्वनी क्रमांक छापण्यासाठी प्रत्येकाची संमती घ्यावी.

शाळेच्या आठवणी कटू असतील तर?

तसे असणारे प्रत्येक तुकडीत असतात. वर्गात वेगळे बसवले गेलेले, वर्गशुल्क थकल्यामुळे बाहेर उभे केलेले, मार खाऊन शाळा सोडलेले. आज शाळेतील शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे. त्या काळी तिला शिस्त म्हटले जाई. ‘त्या माराने आम्ही घडलो’ हे वाक्य व्यासपीठावरून वारंवार म्हटले जाते, तेव्हा ज्याचा कान त्या माराने अधू झाला तो खाली बसून ऐकत असतो, याचे भान सूत्रसंचालकाने ठेवावे. अशा व्यक्तीला बोलायचे असेल तर बोलू द्यावे, आणि मध्येच ‘जाऊ दे रे आता’ असे कोणी म्हणू नये.

मोबाईलवरील गटाचे नियम कोणते असावेत?

एक गट केवळ सूचनांसाठी, ज्यात फक्त संयोजक लिहू शकतील, आणि दुसरा गप्पांसाठी. पक्षीय राजकारण, धार्मिक चिथावणी, विमा व साखळी-विक्री यांना बंदी. रात्री दहानंतर शुभेच्छांची चित्रेही नकोत. गट सोडणाऱ्याला कारण विचारू नये. वर्गमित्राच्या नावाने ‘दवाखान्यात आहे, तातडीने पैसे पाठव’ असा संदेश आला तर आधी त्याला फोन लावावा, कारण अशी फसवणूक जुन्या मैत्रीच्या भरवशावरच चालते. पैसे गेलेच तर विलंब न लावता सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

शाळेला देणगी देताना काय पाहावे?

प्रथम मुख्याध्यापकांना गरज विचारावी. स्मार्ट फलक धूळ खात पडलेल्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नसलेल्या शाळा कमी नाहीत. खासगी संस्थेला धनादेशाने किंवा बँकेतून रक्कम द्यावी आणि पावती घ्यावी. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर आयकरातील सवलत मिळत नाही, आणि संस्थेची त्यासाठी नोंदणी असणे आवश्यक असते. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या बाबतीत शाळा व्यवस्थापन समितीशी बोलावे.

परदेशातील वर्गमित्रांच्या बाबतीत एक बारकावा आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम कायद्याच्या भाषेतील ‘विदेशी अंशदान’, म्हणजे परकीय देणगी, ठरत नाही. ज्याने अमेरिकेचे किंवा अन्य देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी मात्र तशी ठरते, मग तो मूळचा सांगलीचा असो वा साताऱ्याचा. आणि २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती स्वीकारता येत नाही. उत्साहाच्या भरात पैसे पाठवले जाण्यापूर्वीच हे तपासावे.

शाळा बंद पडली असेल किंवा इमारत पाडली असेल तर?

पटसंख्या घटल्याने मराठी माध्यमाच्या कित्येक शाळांवर ही वेळ आली आहे. अशा वेळी त्याच गल्लीतील देवळाचा सभामंडप, समाजमंदिर किंवा जवळची दुसरी शाळा घ्यावी आणि जुन्या जागेपर्यंत सर्वांनी चालत जाऊन यावे. दप्तर कोणत्या शाळेकडे वर्ग झाले आहे हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात किंवा शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागात कळू शकते.

माजी विद्यार्थी संघाची रीतसर नोंदणी करावी का?

एका मेळाव्यासाठी मुळीच गरज नाही. दरवर्षी शिष्यवृत्ती देण्यासारखे कायमचे काम करावयाचे असेल तर १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांखाली नोंदणी करतात, परंतु त्यानंतर वार्षिक सभा, लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील कागदपत्रे नियमाने सांभाळणारी दोन माणसे लागतात. ती नसतील तर मेळाव्यातून उरलेली रक्कम आजारपणात अडलेल्या वर्गमित्रासाठी त्याच संयुक्त खात्यात ठेवावी, तिची शिल्लक सहा महिन्यांनी एकदा सर्वांना कळवावी आणि मदत घेणाऱ्याचे नाव हिशेब पाहणाऱ्या दोघांपलीकडे जाऊ देऊ नये.